पावसात मोडलेली सवय आणि 'पुन्हा पहिल्यापासून'चा जाच

ताई, तुमचं लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. मुंबई सोडून गुहागरला आलात, घरूनच नोकरी, जानेवारीत किनाऱ्यावर चालायला लागलात, आंब्याच्या दिवसांत ते विस्कटलं आणि मिरग लागल्यावर बंदच पडलं. आता स्वतःचीच लाज वाटते, पैसे भरून सवयींचा ऑनलाइन वर्ग लावू का, असं विचारताय. मी रत्नागिरीची. याच चक्रात होते. लवकर झोपा, पाणी प्या हे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडते.

वर्गाबद्दल आधी बोलते, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. नाव घेत नाही. पहाटे पाचला उठून ग्रुपवर फोटो टाकायचा, २१ दिवस न चुकता. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. आमच्याकडे पावसात रात्रभर वीज गेली की मोबाइल बंद, मग अलार्म नाही आणि फोटोही नाही. वेळ बदलून मागितली, तर "कारणं देणं हीच तुमची सवय आहे" असं उत्तर आलं. दुपारी अंग गळून जातं, जिना चढवत नाही, हेही सांगितलं होतं. तर म्हणे इच्छाशक्ती कमी पडते, आणि पुढच्या महागड्या टप्प्याची लिंक पाठवली. पैसे परत मागितल्यावर गप्प. पैशांचं एक वेळ सोडा. कितीतरी महिने मी स्वतःला आळशी म्हणत राहिले, आणि शेवटी घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर थायरॉइड निघालं. टीएसएच या थायरॉइडच्या साध्या रक्ततपासणीचं काम होतं. समोरचा थकलोय म्हणतोय आणि 'आधी डॉक्टरांना दाखवा' हे ज्यांना सुचत नाही, त्यांनी दुसऱ्यांच्या सवयींना हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला कडक वाटेल, वाटू दे.

त्या २१ दिवसांचं मूळही सांगते. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळालं आणि चेहऱ्याचा आकडा सगळ्याच सवयींना चिकटला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. तो अभ्यास २०१० साली छापून आला. साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. आणि मुख्य म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. 'पुन्हा एकपासून'ला काही आधारच नव्हता, हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

आता किनाऱ्याचं. रोज सहाला चालायचं म्हटलं तरी समुद्र सहाला थांबत नाही. भरती दररोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून या आठवड्यात चालायला घट्ट ओली वाळू असते आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाणी वर आलेलं, पाय कोरड्या वाळूत रुततात. आपल्याकडचा जुना हिशोब वापरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज चालण्यापुरताच, त्याच्या भरवशावर पावसाळ्यात पाण्याजवळ जाऊ नका.

मी घड्याळच सोडलं आणि चालणं घरातल्या कामाला बांधलं. 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधी ठरवून ठेवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलंय. तुळशीला पाणी घातलं की माझ्या पायात चप्पल. पाऊस असेल तर त्याच वेळी पडवीत दहा मिनिटं येरझाऱ्या. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं तेव्हा दोन फेऱ्या मारल्या तरी पुरे. शिमग्यात पालखी घरी येणार त्या दिवशी सुट्टी, आणि ती कॅलेंडरवर आधीच लिहिलेली. आधी लिहिलेल्या सुट्टीची लाज वाटत नाही. फोनचा चार्जरही स्वयंपाकघरात हलवा, उशाशी नको.

मी डॉक्टर नाही, माझं थायरॉइड म्हणजे तुमचंही तेच असं मुळीच नाही. पण थकवा हटत नसेल तर तपासून घ्या. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर बोला. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

वर्ग लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी त्यांना विचारा, एक दिवस चुकला तर पुढे काय करायचं? आणि उत्तर लेखी मागा. 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणाले तर तेच पैसे रक्ततपासणीला आणि चांगल्या रेनकोटला घाला.