अण्णांसमोर आईचा विषय काढावा का?

आई जाऊन सात-आठ महिने झाले की मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि जवळपास त्याच शब्दांत विचारतात, "तिचा विषय काढला की बाबा उठून जातात. काढावा की नको?" काढावा. पण बहुतेक घरांत तो चुकीच्या टोकाने काढला जातो. एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अण्णा ८१ वर्षांचे, संसार ५६ वर्षांचा. वर्षश्राद्धाला वाटायला मुलांनी आईवर २४ पानांची स्मरणिका करायला घेतली होती. अण्णांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि गॅलरीत जाऊन बसले. "फार हळवे झालेत," मुलगा म्हणाला. मी मजकूर वाचायला मागितला. त्यागमूर्ती, अन्नपूर्णा, सोशिक, शांत... एका पानावर ११ विशेषणं, आणि बाईंनी केलेली एकही गोष्ट नाही.

पुढच्या खेपेला अण्णा एकटे आले. बराच वेळ गप्प होते.

"ती स्मरणिकेतली बाई कोण, मला माहीत नाही. माझी बायको चिडायची."

"कशावर?"

"ओल्या हाताने मसाल्याचा डबा उघडला की."

मग खरी गोष्ट बाहेर आली. "सगळे म्हणाले, सोनं झालं, सवाष्ण गेली. मळवट भरला, ओटी भरली, बायका पाया पडून गेल्या. ती भाग्यवान. मग मी रडायचं कुठल्या तोंडाने?"

अहेवपणी आलेल्या मरणाचा आपल्याकडे केवढा मान! भाद्रपदात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवते. त्या मानात मागे राहिलेल्या नवऱ्याच्या दुःखाला मात्र जागा उरत नाही. त्यात घरचे तिची मूर्ती करून बसवतात. मूर्तीला नमस्कार करता येतो, तिच्याशी भांडता येत नाही. अण्णा गॅलरीत जात होते ते आठवण टाळायला नव्हे. त्यांची बायको त्या गप्पांमध्ये नसायचीच.

"तिच्या रोजच्या वापरातली एक वस्तू आणा. फोटो नको," मी सांगितलं. हार घातलेल्या फोटोसमोर माणूस हात जोडतो, बोलत नाही.

त्यांनी पोचा पडलेली एक स्टीलची वाटी आणली. बरोबर सून होती. तिच्याकडे सासूबाईंच्या हातची गोड्या मसाल्याची चिठ्ठी होती: धणे ८ वाट्या, सुकं खोबरं ४, तीळ २, पुढे दगडफूल, नागकेशर वगैरे. तिने त्याबरहुकूम केलेला मसाला दोन महिन्यांत खवट झाला होता.

"वाटी कुठली घेतलीस?" अण्णांनी विचारलं.

"आमटीची."

"ती मोठी. माप हे," म्हणत त्यांनी पोचा पडलेली वाटी पुढे सरकवली. "पण खवट त्याने नाही झाला. खोबरं कच्चं राहिलं असणार. कीस मंद आचेवर तांबूस व्हायला हवा, हातात चुरला तर चुरचुरला पाहिजे. आणि तीळ-खोबरं शेवटी, वेगळं कुटायचं. आधी घातलंस तर तेल सुटतं आणि पूड चाळणीला चिकटते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"४० वर्षं खोबरं मीच किसलंय."

नंतर ते ३५ मिनिटं बोलत होते. मध्ये दोनदा डोळे पुसले, पण उठले नाहीत. दुःखाचे पाच टप्पे आजकाल सगळ्यांना पाठ असतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ते १९६९ साली मांडले, तेही मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या जिन्याने चढवून 'आता विसरा' म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. नातं संपत नाही, त्याला नवी जागा लागते. इथे ती वाटीत सापडली.

तेव्हा "आईची आठवण येते का?" असं विचारू नका. ज्या पिढीने 'आठवण येते' असं घरात कधी म्हटलं नाही, ती याला "हो" म्हणून गप्प होते. "हे कुठून आणलं होतं?", "हे कुणाला हात लावू देत नव्हती?" असं विचारा. वेळ सकाळच्या चहानंतरची बरी, संध्याकाळी वयस्कर माणसं थकलेली असतात. समोरासमोर नको, शेजारी बसा. अर्धा-पाऊण तास पुरे. ध्वनिमुद्रण करायचं तर विचारून करा, फोन हातभर अंतरावर ठेवा आणि पंखा बंद करा, नाहीतर घरघरच ऐकू येते. साल विचारलं की बोलणं अडतं. त्याऐवजी "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का?" (डिसेंबर १९६७) किंवा "७२ च्या दुष्काळात घरात काय शिजायचं?" असं विचारा. अण्णांच्या घरी त्या प्रश्नावर लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या ज्वारीच्या), थापताना तुटणाऱ्या भाकऱ्या निघाल्या आणि त्या तुटल्या म्हणून आपटलेला तवाही. त्यांनी काही चुकीचं सांगितलं तर लगेच दुरुस्त करू नका, भावंडांना तर अजिबात करू देऊ नका. तिथेच गप्पांचं भांडण होतं.

साड्या-दागिन्यांची वाटणी याच बैठकीत काढू नये. आणि सहा महिने उलटूनही जेवण तुटलेलं असेल, वजन उतरत असेल, दिवसाचं साधं काही जमत नसेल तर वाटीने भागणार नाही, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. "मलाही घेऊन जा" असं कितीतरी जण म्हणतात. पण गोळ्या साठवलेल्या दिसल्या किंवा निरवानिरव सुरू झाली तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

स्मरणिका शेवटी १६ पानांची झाली. मसाल्याचं माप मधल्या पानावर, वाटीच्या फोटोसकट. प्रूफ अण्णांनी पेन घेऊन तपासलं आणि 'शांत' खोडलं. एप्रिलमध्ये सुनेने पुन्हा मसाला केला. खोबरं अण्णांनी किसलं. या वेळी ते जरा जास्तच भाजलं गेलं, असं त्यांचं म्हणणं आहे.