साइन-ऑन होतं, यादी मात्र उघडत नाही: महापेचा क्लायंट आणि वागळेचं एएस४००

तुमच्या तक्रारी तीन आहेत. वागळे इस्टेटच्या ऑफिसात नीट चालणारा, तिथल्या एएस४०० ला (आयबीएमचा सर्व्हर, पुढे ‘होस्ट’) जोडणारा स्विंग (जावाची विंडो बनवणारी लायब्ररी) क्लायंट महापेच्या गोदामातून व्हीपीएनवर साइन-ऑन होतो, पण स्टॉकची यादी उघडताना गोठतो. ग्राहकाच्या नावाच्या जागी अंक आणि अक्षरांची रांग दिसते. सेव्ह केलं की एसक्यूएल७००८ हा डेटाबेसचा एरर येतो. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत आणि क्लायंट नव्याने लिहायची गरज एकातही नाही.

आधी गोठण्याचं बघू. जेटी४००, म्हणजे क्लायंटला होस्टशी जोडणारी जावा लायब्ररी, सगळं काम एकाच पोर्टवर करत नाही. कुठली सेवा कुठे आहे हे ती ४४९ वर पोर्ट मॅपरला विचारते. मग साइन-ऑनसाठी ८४७६, डेटाबेससाठी ८४७१, प्रोग्रॅम कॉल आणि कमांडसाठी ८४७५, डेटा क्यूसाठी ८४७२ वर जाते. तुमच्याकडे बहुधा ४४९ आणि ८४७६ उघडून दिलेत, साइन-ऑन झालं, आणि जोडणी पूर्ण झाली असं सगळ्यांनी धरलं. ८४७१ वरचं पॅकेट फायरवॉल नाकारत नाही, गिळून टाकते. म्हणून एरर येत नाही, नुसतं थांबणं होतं. गोदामातल्याच पीसीवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन वापरून हे सगळे पोर्ट एकेक करून तपासा. ऑफिसातल्या पीसीवरून तपासलंत तर काहीच कळणार नाही. टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) वापरत असाल तर ९४७१, ९४७२, ९४७५ आणि ९४७६ लागतील, पण ४४९ तरीही लागतं. ते उघडायचं नसेल तर एएस४०० ऑब्जेक्टवर सेटसर्व्हिसपोर्ट्सटूडीफॉल्ट बोलवा.

पोर्ट उघडे असूनही अडत असेल तर होस्टवर क्यूयूएसआरडब्ल्यूआरके सबसिस्टिममध्ये क्यूझेडडीएएसओइनिट जॉब आहेत का ते पाहा. टीएलएस नसेल तर जेडीबीसीची, म्हणजे जावातून डेटाबेसशी होणारी, प्रत्येक जोडणी त्यातल्या एका जॉबमध्ये चालते.

पडदा पांढरा पडतो त्यात तुमच्या कोडचाही वाटा आहे. बटणाच्या लिसनरमध्येच क्वेरी चालवली की स्विंगचा इव्हेंट थ्रेड अडकतो आणि विंडो हलवताही येत नाही. क्वेरी स्विंगवर्करच्या डूइनबॅकग्राउंडमध्ये टाका, ग्रिड डनमध्ये भरा. व्हीपीएनवर हे लागतंच.

यातलीच आणखी एक गोष्ट पुढे नक्की छळेल. जेवणाच्या सुट्टीत क्लायंट उघडाच राहतो आणि फायरवॉल ते निष्क्रिय सेशन काढून टाकते. होस्टला ते कळत नाही. आयबीएम आय वर (एएस४०० चं आजचं नाव) टीसीपी कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत आहे का हे विचारण्याचं अंतर, डीफॉल्ट १२० मिनिटांचा असतो. तोवर तो जॉब जिवंत राहतो आणि त्याने धरलेला रेकॉर्ड लॉकही तसाच राहतो. मग वागळेत कोणी तीच ऑर्डर उघडली की अडकतो. जेडीबीसीच्या यूआरएलमध्ये ‘कीप अलाइव्ह’ ट्रू करा आणि होस्ट व विंडोज दोन्हीकडचा कीपअलाइव्ह फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. मुख्य म्हणजे माणूस विचार करत बसलेला असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका.

आता नावं. ‘ई३सी८सी१डी५सी५’ दिसत असेल तर डेटा खराब नाही. ते एबसिडिकमधलं (होस्टची अक्षरांना अंक देण्याची पद्धत) इंग्रजी ‘ठाणे’ आहे, टी एच ए एन ई. जुन्या फाइलच्या कॉलमचा सीसीएसआयडी (अक्षरसंचाचा क्रमांक) ६५५३५ आहे, म्हणजे ‘भाषांतर करू नकोस’. यूआरएलमध्ये ‘ट्रान्सलेट बायनरी’ ट्रू केलं की नावं वाचता येतात, पण त्या जोडणीवरचे खरेखुरे बायनरी कॉलमही अक्षरं समजून उलटसुलट होतात. म्हणून माझं मत व्ह्यूच्या बाजूने आहे: त्या कॉलमला कास्ट करून सीसीएसआयडी ३७ (इंग्रजी एबसिडिक) द्या आणि क्लायंटला व्ह्यूच दाखवा. मूळ फाइलला हात लागत नाही, त्यामुळे आरपीजी (होस्टवरची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅम लेव्हल चेकवर, म्हणजे फाइलची रचना बदलली का या तपासणीवर, पडत नाहीत.

एसक्यूएल७००८ चं कारण जर्नल, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बदलाची होस्टने ठेवलेली नोंद. ऑटोकमिट बंद केलंत की कमिटमेंट कंट्रोल (बदल एकत्र पक्के करणं किंवा परत फिरवणं) लागतो, आणि तो जर्नल नसलेल्या फाइलवर चालत नाही. फाइल जर्नलला जोडा आणि जुने रिसीव्हर (जर्नलच्या नोंदी जिथे साठतात ते) बॅकअप घेऊन वेळोवेळी काढा, नाहीतर डिस्क भरेल. जोडणीचं ट्रान्झॅक्शन आयसोलेशन ‘नन’ केल्यानेही एरर जातो, पण मग अर्धवट सेव्ह झालेली ऑर्डर परत फिरवता येत नाही. ऑर्डरसाठी तो मार्ग घेऊ नका.

आरपीजी प्रोग्रॅम क्लायंटमधून बोलावणार असाल तर लायब्ररी लिस्टकडे, म्हणजे होस्ट फाइल आणि प्रोग्रॅम ज्या लायब्रऱ्यांत शोधतो त्या यादीकडे, लक्ष द्या. जेटी४०० चा प्रोग्रॅमकॉल वेगळ्या जॉबमध्ये चालतो, जेडीबीसी वेगळ्या. एकीकडे जोडलेली लायब्ररी दुसरीकडे दिसत नाही, क्यूटेम्प ही जॉबची तात्पुरती लायब्ररीही वेगळी. हिरव्या पडद्यावर (होस्टच्या जुन्या टर्मिनलवर) इनिशियल प्रोग्रॅम जी लिस्ट लावतो ती इथे लागत नाही. ती युजर प्रोफाइलच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये ठेवा.

पुढे मराठी नावं साठवायची म्हणता, तर सीसीएसआयडी ३७ मध्ये देवनागरी बसत नाही. ग्राहक कोडवर जोडलेलं वेगळं टेबल करून त्यात एनव्हार्चार, सीसीएसआयडी १२०० (युनिकोड), असा कॉलम घ्या. लांबी ठरवताना काना-मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजा: ‘ठाणे’ला ४ जागा, ‘श्री’लाही ४, ‘नवी मुंबई’ला मधल्या स्पेससकट ९. इंग्रजी नावाला ३० पुरत असतील तर इथे ६० ठेवा.