मध्ये शिकवू नकोस

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक पोचलं. नऊ ते नऊ वीस अक्षरं, नऊ वीस ते नऊ चाळीस अंक, मग 'हस्तकौशल्य', मग 'संवाद', दुपारी चार ते साडेचार 'निसर्ग' आणि संध्याकाळी सात ते सात दहा 'श्रद्धा', तीही निळ्या रंगात. श्रद्धेला दहाच मिनिटं का, हे मी विचारणार नाही. तीस वर्षांपूर्वी मी पाच ठेवली होती.

खाली तू लिहिलं आहेस की तिसऱ्याच दिवशी लेक टेबलाखाली जाऊन बसली, तू ओरडलास, रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आता घरीच शिकवायचा निर्णय चुकला की काय असं वाटतंय. निर्णयाबद्दल मी बोलणार नाही. तो तुम्ही दोघांनी विचार करून घेतलाय आणि मला तो पटलेला आहे. मला फक्त एवढं सांग, ती टेबलाखाली बसून काय करत होती? ते तू लिहिलंच नाहीस. तू ओरडलास, एवढंच लिहिलंस.

माझं सगळं म्हणणं त्या टेबलाखाली आहे. मूल कशात तरी गुंतलेलं असताना मध्ये शिकवू नकोस. शिकवूच नकोस असं मी म्हणत नाही, नीट वाच. मध्ये शिकवू नकोस.

माझा थोरला साडेचार वर्षांचा असतानाची गोष्ट. पाऊस नुकताच थांबला होता. छपराचं पाणी एका बारीक ओहोळातून अंगणाबाहेर चाललं होतं आणि हा उकिडवा बसून त्याला चिखलाचा बांध घालत होता. बांध फुटायचा. तो फुटलेल्या जागी बोट ठेवून बघायचा, मग तिथे एक चपटा खडा लावायचा, वर चिखल थापायचा. पाणी बाजूने वाट काढायचं. हा तिकडे सरकायचा. ओठांतून लाळ गळत होती, तिचंही भान नव्हतं. मी दारात उभी राहून बघत होते. बघत राहिले असते तर आज हे पत्र लिहायला माझ्याकडे काही नसतं. पण मी आदल्याच रात्री कुठेतरी वाचलं होतं की प्रत्येक क्षण हा शिकण्याचा क्षण असतो. मी गेले, शेजारी बसले आणि म्हणाले, "बघ बरं, पाणी कुणीकडे चाललंय? उताराकडे! आणि खडे किती लावलेस? मोज पाहू." त्याने मोजले. एक, दोन, तीन, सात. मी म्हटलं, सात नाही, चार. तो उठला, हात चड्डीला पुसले आणि घरात गेला. परत त्या ओहोळाकडे आला नाही.

तुला वाटेल, एवढंसं काय ते! एवढंसंच. पण मी ते दिवसातून दहा वेळा करत होते, आणि मला अभिमान होता त्याचा. जिना चढताना पायऱ्या मोजायच्या. मोजे जोडीला लावताना 'दोन, चार, सहा'. बटणं रंगांनुसार वेगळी कर, मग आकारानुसार कर. घरातली एकही वस्तू मी नुसती वस्तू म्हणून राहू दिली नाही. तो साडेचारव्या वर्षी वाचायला लागला, पाहुण्यांसमोर वाचून दाखवायचा, आणि बाराव्या वर्षी त्याने आपणहून एकही पुस्तक हातात घेतलेलं मला आठवत नाही. मोठा झाल्यावर एकदा सहज म्हणाला, "आई, तू माझ्याशी बोलायची नाहीस. शिकवायचीस." रागाने म्हणाला असता तर भांडले असते मी. तो सहज म्हणाला.

रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली मारिया माँटेसरींनी कामगारांच्या मुलांसाठी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं. तिथली तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवत होती. बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. माँटेसरींनी भोवतीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, फेर धरायला लावलं. तिचं लक्ष नाही. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तर तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं आणि मग थांबली, छान झोप झाल्यासारखी ताजीतवानी. माँटेसरींच्या नावावर आज जी महागडी लाकडी साधनं विकली जातात ती घे किंवा नको घेऊस, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण एक डॉक्टर बाई, जिला मुलांना शिकवायचंच होतं, ती तिथे बसून काय करत होती? मोजत होती. स्वतः, मनातल्या मनात. मुलीला मोजायला लावत नव्हती.

आता तू विचारशील, मग अक्षरं कधी? अक्षरं सकाळी शिकव, पंधरा मिनिटं, समोर बसून, सरळ. त्याला धडा म्हण आणि तो संपला की संपव. शार्लट मेसन म्हणून इंग्लंडमधल्या एक शिक्षिका होत्या, घरच्या शिक्षणावर त्यांनी १८८० च्या दशकातच लिहून ठेवलंय. त्यांच्या मते सहा वर्षांच्या आधी औपचारिक धडे नकोतच, नंतरही लहान मुलांचे धडे आखूड हवेत, आणि बरी हवा असेल त्या दिवशी मूल चार ते सहा तास बाहेर असलं पाहिजे. फिनलंडमध्ये आजही शाळा सातव्या वर्षी सुरू होते. तुझी पाच वर्षांची आहे. घाई कुणाला आहे, तिला की तुझ्या बहिणीला, जी दर आठवड्याला 'वाचायला लागली का' म्हणून विचारते?

माझी धाकटी जवळजवळ नवव्या वर्षी वाचायला लागली. हो, नवव्या. नातेवाइकांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तिला मी मध्ये शिकवत नव्हते, ही माझी दुसरी खेप होती आणि मी हट्टाला पेटले होते. एक जुनं कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती पाऊण तास बसलेली मी पाहिलीय. एकेक किल्ली घालायची, फिरवायची, लागली नाही की जमिनीवर वेगळी ठेवायची. अर्ध्यात जुडगा सुटला, सगळ्या किल्ल्या एकत्र झाल्या, आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली, न रडता. बरोबर किल्ली कुठली ते मला ठाऊक होतं. पितळेची होती, समोरच पडलेली. माझे हात नुसते शिवशिवत होते! कुलूप उघडलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लगेच बंद केलं आणि पुन्हा उघडलं.

खरं तेही सांगते, नाहीतर तू मला संत करून ठेवशील. अकराव्या वर्षी ती शाळेत गेली तेव्हा तिला पाढे येत नव्हते. पहिले दोन महिने रोज रडत घरी यायची. पाढे, शुद्धलेखन असल्या काही गोष्टी घोकूनच घ्याव्या लागतात, बांध घालता घालता त्या येत नाहीत, आणि मी त्या पंधरा मिनिटांचाही कंटाळा केला होता. ही माझी चूक. पण ती 'मध्ये न शिकवण्याची' चूक नव्हे. ठरल्या वेळी न शिकवण्याची होती. हा फरक मी गेली वीस वर्षं लोकांना समजावतेय आणि लोक मान डोलावून विषय बदलतात.

पाण्याचा खेळ करून बघ. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घे, मग एकातलं उंच, निमुळत्या पेल्यात ओत आणि विचार, जास्त कशात? तुझी लेक उंच पेल्याकडे बोट दाखवेल. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलांना हे असंच दिसतं. समजावून सांगू नकोस. थोरल्याला मी समजावलं होतं, तीनदा ओतून दाखवलं होतं. चौथ्या वेळी त्याने बरोबर उत्तर दिलं, पेल्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघून. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता निळा रंग. प्रार्थना म्हटली की मी वहीत चांदणी चिकटवायचे. दहा चांदण्या झाल्या की बक्षीस. पोरगा काय सुरेख प्रार्थना म्हणायचा! चांदण्यांचं पाकीट संपलं, नवं आणायचं राहिलं, आणि चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "आज कशाला म्हणायची?" अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना चित्र काढायला मनापासून आवडायचं त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर तीच मुलं आपणहून चित्रं काढायला कमी वेळ देत होती, बक्षीस न मिळालेल्यांच्या जवळजवळ निम्मा. मला हे कळलं तोवर चांदण्यांच्या वहीला वाळवी लागली होती.

श्रद्धा हा विषय नाही. तू प्रार्थना करत असशील तर कर, तिला दिसेल अशा जागी कर, आणि ती अंगावर चढली तर चढू दे. तिच्यासाठी म्हणून करू नकोस, पोरांना ते बरोबर कळतं. थोरल्याने एकदा विचारलं, देवाला ऐकू येतं तर तो उत्तर का देत नाही? मी त्याला असं काही भरभरून उत्तर दिलं की तो मधेच पेंगला. धाकटीनेही तेच विचारलं, काही वर्षांनी. मी म्हटलं, मलाही हा प्रश्न पडतो. ती म्हणाली, "मग तू रोज हात का जोडतेस?" मला उत्तर आलं नाही. हात जोडलेलेच होते. ती शेजारी बसून राहिली. त्या दिवशी मी काही शिकवलं असेल तर ते मला अजून कळलेलं नाही.

आणि 'निसर्ग, चार ते साडेचार' हे खोडून टाक. बाहेर म्हणजे बाहेर. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या बारा शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं, नेहमीसारख्याच चालू ठेवलेल्या बाकीच्या सहा शाळांत ३९.५ टक्क्यांना. हे २०१५ साली प्रसिद्ध झालंय. आता तू वेळापत्रकात 'डोळे, चाळीस मिनिटं' असा रकाना काढशील, ओळखते मी तुला. मी बाहेर जा म्हणते ते वेगळ्याच कारणासाठी. बाहेर मूल तुझ्यापासून वीस पावलं लांब असतं आणि वीस पावलांवरून शिकवता येत नाही. पाणी, रस्ता आणि उंची, या तिन्हींच्या जवळ मात्र वीस पावलं नकोत, तिथे जवळ राहा आणि खुशाल ओरड. बाकी वेळी हातात स्वतःचं काम ठेव. फाटकं शिव, सायकलची साखळी पूस, काहीही. रिकामा बसलेला बाप बोलतोच.

कायद्याचं तुझं तू बघून घे, कारण ते जागोजागी निराळं असतं. जर्मनीत शाळेत जाणंच सक्तीचं आहे, अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरी शिकवता येतं पण प्रत्येकाचे नियम वेगळे. कुठे नोंदी मागतात. नोंदी ठेवायच्याच असतील तर रात्री दोन ओळी लिही, पण आज तू काय शिकवलंस ते लिहू नकोस. ती काय करत होती ते लिही. पहिले चार दिवस तुला काहीच लिहिता येणार नाही, कारण तू बघितलेलंच नसेल.

परवा थोरल्याचा फोन आला होता. त्याला आता तीन वर्षांची मुलगी आहे. सांगत होता, ती मगापासून कपड्यांचे चिमटे दोरीला लावतेय आणि काढतेय, लावतेय आणि काढतेय, तू बघायला हवी होतीस. मला इतका आनंद झाला, आणि माझ्या तोंडून गेलं, "मग तिला मोजायला सांग ना."

तिकडे काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "आई, ठेवतो."

तुझी,
काकू