गाईच्या हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरावरून तिचा ताण कळतो का?

कळतो, पण नुसत्या एका आकड्यावर जाऊ नका. निवांत दुभत्या गाईचे मिनिटाला साधारण ६० ते ८० ठोके पडतात. ७५ धरले तर दोन ठोक्यांत सरासरी ८०० मिलिसेकंद. मात्र प्रत्येक अंतर थोडं कमी-जास्त असतं, आणि ते तसंच असायला हवं! व्हेगस या हृदय शांत करणाऱ्या मज्जातंतूचा जोर असतो तेव्हा हा चढउतार वाढतो; वेदना, भीती, उष्मा यांत सहसा घटतो. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मे महिन्याच्या दमट उकाड्यात संकरित जर्सी धापा टाकते, तेव्हा हे मोजणं खरंच मोलाचं. फक्त उभी, बसलेली, रवंथ करणारी गाय वेगवेगळे आकडे देते. म्हणून तीच गाय, तीच वेळ, बसलेली असतानाच तुलना करा. ठोके मोजायला छातीला बांधलेल्या पट्ट्याखालचे केस ओले ठेवा, नाहीतर ठोके निसटतात.