घरातलं कुणी सैन्यात असलं की घरच्यांना नेमकं काय वाटतं? आणि आपण साध्या माणसांनी त्यांचे आभार कसे मानायचे?

तुम्ही विचारलंय की जवानाच्या घरच्यांना फक्त अभिमानच वाटतो का, आणि रेल्वेत किंवा रस्त्यात युनिफॉर्ममधला जवान दिसला तर त्याला थँक यू म्हणावं की त्याला ते विचित्र वाटेल. माझा मोठा भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहे, हवालदार आहे, त्यामुळे घरातून जे बघितलंय तेवढं सांगते.

आमचा सातारा जिल्हा. इकडे मिलिटरी म्हणजे काय नवल नाही. अपशिंगे नावाचं गावच आहे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आणि इकडच्या गावांत कुणीही पेन्शनवर आला की तो शिपाई म्हणून रिटायर झालेला असू दे नाहीतर सुभेदार, लोक त्याला "मेजर" म्हणूनच हाक मारतात. लहानपणी मला वाटायचं मेजर हे त्यांचं आडनावच आहे.

दादा भरतीची तयारी करत होता तेव्हा पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळायचा, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणि वर दहा बीम मारायचे, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढायचं, एवढंच त्याच्या डोक्यात, आणि आई त्याच्याआधी उठून चहा ठेवायची. दोन भरत्यांत बाहेर पडला. तिसऱ्या वेळी झाला. मग बेळगावला रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर, आणि ट्रेनिंग संपल्यावर कसम परेड, म्हणजे जवान शपथ घेतात ती. आईआण्णा दोघं एसटीने गेले होते. आण्णा आयुष्यभर कुणापुढे रडलेले मी बघितले नाहीत पण आई सांगते की मैदानावर "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" झालं तेव्हा हा माणूस टोपी काढून टोपीतच तोंड लपवून उभा होता. आता काही सेंटरला कसम परेडच्या दिवशी पोराच्या आईवडिलांनाही गौरव पदक देतात, छातीवर लावतात. ते ऐकलं की मला आण्णांची ती टोपीच आठवते, त्यांना तसं पदक मिळालं असतं तर त्यांनी ते झोपताना पण काढलं नसतं.

तर अभिमान आहे, भरपूर आहे. दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाला आई एकदा तरी फोटो दाखवते. पण तुम्ही विचारलंय "फक्त अभिमानच का", त्याचं खरं उत्तर मला फेब्रुवारी २०१६ मध्ये कळलं.

त्याआधी नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरमधल्या कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना कर्नल संतोष महाडिक गेले होते. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. सगळा जिल्हा हळहळला होता, आमच्या घरी तर दोन दिवस टीव्ही बंदच केला नाही कुणी. आणि तीन महिने होतात न होतात तोवर ३ फेब्रुवारीला बातमी आली की सियाचिनला सोनम पोस्टवर बर्फ कोसळला, दहा जवान खाली गाडले गेले. दादा तेव्हा सियाचिन ग्लेशियरलाच होता. पोस्टचं नाव त्याने कधी सांगितलेलं नव्हतं, ते सांगतच नाहीत, आणि आम्हीपण विचारत नाही. टीव्हीवर खाली पट्टी फिरतेय, दहा जवान, दहा जवान, कुठल्या युनिटचे ते लगेच कळेना. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि गव्हाचं पीठ चाळत बसली, चाळून झालेलं पीठ परत चाळलं तिने. आण्णा ओट्यावर. आई देवापुढे. मी फोन हातात धरून, लावायचा तरी कुणाला, त्याच्या फोनला तिथे रेंज नाही, तिकडून ते सॅटेलाइट फोनवरून लावतील तेव्हाच.

नंतर कळलं की ते मद्रास रेजिमेंटचं युनिट होतं. म्हणजे आपला दादा त्यात नाही. आणि खरं सांगते, त्या क्षणी घरात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि दुसऱ्याच क्षणी आई म्हणाली, "अगं पण ती दहा घरं." मग कुणीच काही बोललं नाही. पुढे कळलं की त्या दहांमध्ये एक मेडिकलचा जवान आमच्याच सातारा जिल्ह्यातला होता. आपला पोरगा वाचला म्हणून हायसं वाटलं आणि त्याची लाज पण वाटली, हे जे दोन्ही एकाच वेळी वाटतं ना, ते घरात फौजी नसलेल्या माणसाला कसं समजावून सांगायचं मला कळत नाही, पण प्रत्येक फौजीच्या घरात ते असतं. दोन दिवसांनी दादाचा फोन आला, मिनीटभर. "मी बरा हाय, आईला सांग जेवायला, ठेवतो." झालं. त्या सहाव्या दिवशी लान्सनाईक हणमंतप्पा कोप्पड बर्फाखालून जिवंत सापडले तेव्हा आईने त्या कधी न पाहिलेल्या माणसासाठी नवस बोलला. ११ तारखेला ते गेले. आईने त्या रात्री जेवण केलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आभार कसे मानायचे.

मी जे बघितलंय ते असं. कारगिलच्या वेळी, १९९९ ला, मी शाळेत होते. आमच्या शेजारच्या गावात पार्थिव आलं होतं. त्या युद्धात ५२७ जवान गेले आणि तेव्हापासून जवानांना गावाकडे आणून अंत्यसंस्कार करायची पद्धत खऱ्या अर्थाने सुरू झाली, आधीच्या लढायांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच व्हायचे. तर त्या दिवशी दहा-पंधरा गावं लोटली होती, झाडांवर माणसं, घोषणा, फुलं, सगळं. आणि मनापासून होतं ते, खोटं नव्हतं, मीपण रडले होते. मग काही वर्षांनी त्याच जवानाच्या आईला मी एका प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात बघितलं. सत्कार ठेवला होता. वीरमाता म्हणून बोलवलेलं, आणि मुख्य पाहुणे यायचे होते म्हणून त्या माऊलीला दीड तास उन्हात खुर्चीवर बसवलेलं, पाणी पण विचारलं नाही कुणी, नारळ आणि शाल कार्यकर्त्याच्या हातात तशीच. मी तेव्हा कॉलेजला होते, मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाली, "बाळ, माझं काय नाय, पण त्याचं नाव तरी नीट घेत्यात का बघ." कारण आदल्या वर्षी माईकवरून नाव चुकीचं घेतलं होतं. तेव्हापासून मला वाटतं की कुणाला खरंच काही करायचं असेल तर आधी आपल्या भागातल्या जवानांची नावं तरी नीट माहीत करून घ्या. दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक झालं २०१९ ला, तिथे एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर एकेक नाव कोरलंय, पंचवीस हजारांहून जास्त. कधी दिल्लीला गेलात तर नुसता फोटो काढून येऊ नका, आपल्या राज्यातली चार नावं शोधून वाचून या.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जवान तिकडे असतो, त्याला वर्षाला ६० दिवस अॅन्युअल लीव्ह आणि ३० दिवस कॅज्युअल, तीही सलग मिळतीलच असं नाही. उरलेलं वर्ष त्याचं घर इकडे एकटं असतं. आमच्या शेतात दादा नसताना शेजारच्याने बांध कोरला. आण्णा थकलेले. वहिनी फाइल घेऊन एका कार्यालयात सात चकरा मारून आली आणि दर वेळी एकच उत्तर, "मालकांना घेऊन या." मालक अरुणाचलला! शेवटी दादाने युनिटमध्ये सांगितलं, त्याच्या सीओ साहेबांनी, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने, थेट कलेक्टरांना पत्र पाठवलं, तेव्हा मोजणीची तारीख लागली. हे पत्र जातं हे पण कित्येक घरांना माहीत नसतं. फील्डमधल्या जवानाच्या माघारी त्याच्याविरुद्धचा दिवाणी किंवा महसुली दावा एकतर्फी चालू नये म्हणून १९२५ सालचा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्ट आहे, तोही माहीत नसतो. आणि त्या सगळ्या वेळेत आमच्या गल्लीतले एक रिटायर शिक्षक, ज्यांचा मिलिटरीशी काही संबंध नाही, ते वहिनीला स्कूटरवर बसवून घेऊन जायचे, तिच्याबरोबर बाकावर बसून राहायचे, अर्ज लिहून द्यायचे. त्यांनी कधी "जय जवान" म्हटलेलं मला आठवत नाही. पण दादा सुट्टीवर आला की घरी पिशवी टेकवतो आणि आधी त्यांच्या पाया पडून येतो, मग हातपाय धुतो.

म्हणून तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्यांचा गॅस संपलाय का, म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेतं, पोरांच्या पालकसभेला कोण जातं, एवढं बघा. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं, वीरपत्नी, माजी सैनिक यांची कामं तिथे होतात, पण तिथवर पोचायलाच सोबत लागते. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून, तो छोटा लाल-निळा-आकाशी झेंडा घेऊन कुणी आलं तर जमेल तेवढे पैसे टाका, ते वीरपत्नी, जखमी जवान आणि माजी सैनिकांच्या कामी येतात.

आणि कृपा करून काही गोष्टी बोलू नका. सुट्टीवर आलेल्या माणसाला "किती मारले?" विचारतात लोक, लग्नाच्या पंगतीत, पोराबाळांसमोर. दादा गप्प होतो आणि मग दोन दिवस गप्पच असतो. "तुमचं बरंय, कॅन्टीन आहे, पेन्शन आहे" हे वहिनीला ऐकवू नका. आणि एखादा गेला की त्याच्या बायकोपुढे माईक धरून "आपको गर्व है?" विचारणं तर बंदच व्हायला हवं. स्वाती महाडिक, कर्नल महाडिकांच्या पत्नी, नवऱ्यामागे एसएसबी, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडतात ती मुलाखत, देऊन, चेन्नईला ट्रेनिंग करून सप्टेंबर २०१७ मध्ये स्वतः लेफ्टनंट झाल्या, दोन लहान मुलं असताना. त्यांच्याबद्दल मला किती आदर आहे ते शब्दांत सांगता येत नाही. पण प्रत्येकीकडून लोक तेच धैर्य मागायला लागतात हे बरोबर नाही. जिला नुसतं रडायचंय तिला रडू द्या, तिचाही मान तेवढाच.

राहिला थँक यूचा प्रश्न. म्हणा की, बिनधास्त म्हणा, कुणाला वाईट वाटत नाही. फक्त तो झोपलेला असेल तर उठवू नका, दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेला असतो. मागच्या सुट्टीत दादाचं तिकीट कन्फर्म झालं नव्हतं, झेलम एक्सप्रेसमध्ये दाराजवळ ट्रंकेवर बसून येत होता. मनमाडच्या अलीकडे एका काकांनी त्याला बोलावून स्वतःच्या खालच्या बर्थवर बसवलं, डब्यातल्या दोन पोळ्या दिल्या आणि फक्त विचारलं, "घरी कोण कोण असतं रे?" दादा पुण्यापर्यंत सांगत बसला. आईचे गुडघे, धाकटीची शाळा, म्हैस कधी व्यायली, सगळं. आमच्याशी फोनवर चार वाक्यं बोलणारा माणूस. त्या काकांची गोष्ट त्याने त्या सुट्टीत आम्हाला तीन वेळा सांगितली.