सेरीन सापडलं, ठीक. ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना न घालता चालवलेल्या कुपीत, काय सापडलं?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एम.एस्सी.चा प्रकल्प आहे, आदिम पृथ्वीवर जीवनाचे घटक आपोआप कसे बनले असतील याचा. फॉर्मामाइड नावाच्या साध्या सेंद्रिय द्रवात लोणारच्या काठची माती घालून १६० अंशांना तापवलंत, मग ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात हायड्रोलिसिस केलंत (मोठे रेणू तोडलेत) आणि कुप्या भरून पैसे देऊन बाहेरच्या एलसी-एमएसला, म्हणजे रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राला, पाठवल्यात. रिपोर्टात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा: सेरीन सगळ्यात जास्त, खालोखाल ग्लायसिन, मग अ‍ॅलनिन. गाईड म्हणतात ताबडतोब पेपर लिहा, आणि तुम्ही विचारताय की कुठल्या जर्नलला पाठवू.

जर्नलचं नंतर बघू. पोस्टमध्ये ब्लँकचा उल्लेखच नाही, तो केला असेल तर पुढचं सगळं वाचू नका. केला नसेल तर कृपया अजून कुणाला काही पाठवू नका, कॉन्फरन्सच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टसुद्धा नको. हे इतकं ठासून सांगतेय कारण तुमच्याच जागी मी होते. विषय तोच होता, फक्त खनिज वेगळं होतं.

(डिस्क्लेमर: मी आता संशोधनात नाही, ज्युनिअर कॉलेजात शिकवते. यंत्रं पुढे गेली असतील. रसायन मात्र तेच आहे.)

आधी तुमच्या आकड्यांबद्दल. सेरीन पहिलं आणि ग्लायसिन दुसरं, हा क्रम बघून माझ्या पोटात गोळा आला. मिलरच्या प्रकारच्या प्रयोगांत (आदिम वातावरणासारख्या वायूंत ठिणग्या सोडून अमिनो आम्लं बनवणारे) ग्लायसिन आणि अ‍ॅलनिन भरपूर येतात, सेरीन आलंच तर मागे कुठेतरी. सेरीन डोक्यावर आणि त्याच्यामागे ग्लायसिन ही माणसाच्या बोटांची खूण आहे. १९६५ साली ‘नेचर’मध्ये हॅमिल्टन यांचं हातांवरच्या अमिनो आम्लांबद्दल एक छोटं टिपण आलं होतं, आणि त्याच वर्षी ओरो आणि स्क्यूज यांनीही हेच दाखवलं. एका अंगठ्याच्या ठशात जेवढा ऐवज असतो, तेवढ्यात उल्केच्या नमुन्याचा अख्खा निकाल फिरू शकतो. मिलरने १९५३ साली कागदी क्रोमॅटोग्राफीवर ग्लायसिनचा डाग बघितला तो अमिनो आम्लांना जांभळा रंग देणारं निनहायड्रिन फवारून. पोलिसांच्या प्रयोगशाळेत कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला हेच निनहायड्रिन वापरतात. माझ्या पहिल्या टीएलसी पट्टीच्या (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायच्या पट्टीच्या) कडेला नमुन्याच्या डागापेक्षा ठळक असा जांभळा अंगठा उमटला होता, अगदी रेषा मोजता येतील असा.

शिवाय सेरीन उष्णतेला तसं नाजूक. १६० अंशांत आणि वर आम्लात तापवून ते सगळ्यांच्या पुढे राहिलं, तर ते तापवणं संपल्यानंतर आत आलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ‘वाटते’ म्हणतेय, कारण क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राने काढलेला आलेख, मी पाहिलेला नाही.

आता माती. लोणारचा मोह मी समजू शकते. उल्काघाताचं विवर, तेही बेसाल्टमध्ये, वर खारं अल्कधर्मी पाणी. आदिम पृथ्वी म्हणून दाखवायला याहून देखणी जागा महाराष्ट्रात नाही. पण त्या तळ्याचं पाणी हिरवं कशाने दिसतं? सायनोबॅक्टेरियाने, म्हणजे नीलहरित जीवाणूंनी. काठची माती म्हणजे जिवंत आणि मेलेल्या सूक्ष्मजीवांचा थर. ती ६ नॉर्मल आम्लात उकळली की प्रथिनं तुटून अमिनो आम्लं येणारच, फॉर्मामाइड घाला की नका घालू. म्हणून नुसती माती, फॉर्मामाइडशिवाय, सगळ्या पायऱ्यांतून जायला हवी. आणि नुसतं फॉर्मामाइड, मातीशिवाय. आणि नुसतं पाणी, दोन्हींशिवाय. या तीन कुप्या तुमच्या मुख्य नमुन्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत. परीक्षक आधी यांच्याबद्दलच विचारेल, निदान विचारायला हवं.

मातीऐवजी बेसाल्टचा दगड फोडून त्याचा आतला गाभा दळून वापरा असं मी सुचवेन. माती ५०० अंशांना भाजून निर्जंतुक करता येते, पण त्या तापमानाला चिकणमातीची रचनाच बिघडू लागते. मग तुम्ही ज्या खनिजाचं कौतुक करताय ते खनिज उरतच नाही.

आता माझं काय झालं ते. आमच्याकडे तेव्हा एलसी-एमएस नव्हतं. नमुने एका मोठ्या उपकरण केंद्राला पाठवावे लागत. नाव घेत नाही. दर नमुन्यामागे होता, वर कर. फॉर्मवर ‘संयुगाचं नाव’ आणि ‘अपेक्षित रेणुसूत्र’ हे रकाने सक्तीचे. मी नमुन्यांबरोबर ब्लँकच्या कुप्या नेल्या आणि रकान्यात ‘ब्लँक’ लिहिलं. खिडकीवरच्या गृहस्थांनी कुपी उजेडात धरली, हलवली आणि विचारलं, “यात काय आहे?” म्हटलं, काही नाही, तेच तर तपासायचंय. “काही नाही त्याचा रिपोर्ट कसा देणार?” फॉर्म परत. रेणुसूत्र म्हणून पाण्याचं सूत्र लिहून आणलं, तर म्हणाले पाण्यासाठी वेगळा विभाग आहे, तिकडे जा. गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, नवं चलन, आणि पुन्हा तीच खिडकी. शेवटी त्यांनी फक्त नमुने ठेवून घेतले. “ब्लँक आम्ही आमचा चालवतो, काळजी करू नका.”

रिपोर्ट आला. ग्लायसिन, सेरीन, अ‍ॅलनिन. केंद्राच्या ब्लँकचं पान त्यात नव्हतं. मागितलं तर ‘तो अंतर्गत असतो’ असं उत्तर. सगळे खूश, अ‍ॅबस्ट्रॅक्ट गेली, स्वीकारलीही गेली. पुढचे नमुने द्यायला गेले तेव्हा यंत्र चालवणारा मुलगा चहा पिता पिता सहज म्हणाला, “मॅडम, आलेखातले हे पीक (उंचवटे) तुमच्या आधीच्या बॅचलाही येतात. सध्या दुसऱ्या विभागाचे प्रोटीन हायड्रोलायझेट, तोडलेल्या प्रथिनांचे नमुने, चालू आहेत ना.” म्हणजे आधीच्या लोकांचं राहिलेलं माझ्या कागदावर उतरलं होतं, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. लेखी द्या म्हटलं तर लेखी द्यायला कोणी तयार नाही. तक्रारीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अ‍ॅबस्ट्रॅक्ट मागे घेतली, फेलोशिपचं वर्ष त्यातच गेलं, आणि ‘हिचे निकाल मागे घ्यावे लागले होते’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

त्या मुलाचा मला राग नाही. तो एकटाच खरं बोलला. राग त्या पद्धतीचा आहे, जिथे रिकाम्या कुपीला रकाना नाही. आजही विद्यार्थ्यांच्या पोस्ट वाचते तर दर नमुन्यामागे पैसे असल्यामुळे पोरं सगळ्यात आधी ब्लँकच कापतात. दोन नमुने कमी पाठवा, पण ब्लँक पाठवा. कुणी घेत नसेल तर त्यालाही नमुना क्रमांक द्या आणि आत काय आहे ते त्यांना सांगूच नका. ही लबाडी नाही, अंध चाचणी अशीच करतात. आणि आपल्या नमुन्याच्या लगेच आधी कोणतं इंजेक्शन गेलं तो क्रम आणि कच्च्या डेटाच्या फाइली लेखी मागून घ्या, पैसे भरण्याआधी.

‘एवढा बाऊ कशाला’ असं गाईड म्हणतील, माझेही म्हणाले होते. मोठ्या लोकांनी किती बाऊ केला ते सांगा त्यांना. मिलरने ठिणगी न देताही तेच उपकरण चालवून बघितलं होतं आणि जंतूंची शंका काढायला ऑटोक्लेव्हही केलं होतं. त्याने १९५०च्या दशकातल्या सुकवलेल्या कुप्या खोक्यांत जपून ठेवल्या, म्हणून तो गेल्यावर २००८ साली जेफ्री बाडा आणि सहकाऱ्यांना त्याच कुप्यांत २२ अमिनो आम्लं मोजता आली. तेव्हा लेबलं लावा आणि कुप्या फेकू नका. अलीकडे, २०२१ साली, असं दिसलं की तोच प्रयोग टेफ्लॉनच्या भांड्यात केला तर उत्पादनं कमी मिळतात आणि बोरोसिलिकेट काचेत जास्त. म्हणजे भांडंही प्रयोगात भाग घेतं. तुम्ही कशात तापवलंत ते पोस्टमध्ये लिहिलेलं नाही.

२८ सप्टेंबर १९६९ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनची उल्का पडली. त्यातल्या अमिनो आम्लांवर लोकांनी विश्वास ठेवला तो ग्लायसिनमुळे नाही. आयसोव्हॅलिनसारखी, आपल्या प्रथिनांत नसलेली आम्लं त्यात होती आणि रेणूंची डावी-उजवी (आरशातल्या प्रतिमेसारखी) रूपं जवळपास सारख्या प्रमाणात होती, म्हणून ठेवला; सजीवांत जवळपास फक्त डावं रूप असतं. स्टारडस्ट यानाने आणलेल्या धूमकेतूच्या धुळीत तर एक आम्ल चक्क साठवणुकीच्या नायलॉन पिशव्यांतून आलेलं निघालं. ग्लायसिन खरोखर धूमकेतूचं आहे हे कार्बनच्या समस्थानिकांवरून सिद्ध व्हायला २००९ उजाडलं, कुपी पृथ्वीवर उतरली होती २००६ला. बेन्नू लघुग्रहाची १२१.६ ग्रॅम माती २०२३च्या सप्टेंबरात आली. ती आणणाऱ्या यानावर दूषण टिपायला वेगळ्या साक्षीदार चकत्या बसवल्या होत्या. म्हणजे ब्लँक अंतराळात जाऊन परत आला! आणि आपल्याकडे तो खिडकीतून आत जात नाही.

विश्वाच्या उगमाचा शोध घेणाऱ्यांचंही हेच. पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना आकाशातून साडेतीन केल्विनची जादा कुरकुर ऐकू आली, महास्फोटाचा तो अवशेष होता. ती अँटेनाची नाही असं ते ठामपणे म्हणू शकले, कारण तुलनेला त्यांच्याकडे द्रव हेलियमने थंड केलेला संदर्भ होता. अँटेनातली कबुतरांची विष्ठा साफ केल्याची गोष्ट सगळे सांगतात, त्या संदर्भाची कोणी सांगत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास पहिल्या ताऱ्यांच्या काळाची खूण दिसल्याचं जाहीर केलं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या लोकांनी आपला ‘सारस’ अँटेना कर्नाटकातल्या तळ्यावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरवर तरंगवला, कारण जमिनीच्या थरांमुळे येणारी गडबड एकसारख्या पाण्यावर टळते. २०२२ साली त्यांनी सांगितलं की तशी खूण आम्हाला दिसत नाही. माझ्या लेखी हे मूळ दाव्याइतकंच मोठं काम आहे. वर्तमानपत्रांत त्याला किती जागा मिळाली ते सोडा.

असो, भरकटले. काही किरकोळ गोष्टी.

काचेची भांडी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ५०० अंशांना रात्रभर मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या उच्च तापमानाच्या विजेच्या भट्टीत) ठेवा. तुमच्या विभागात भट्टी नसेल तर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या धातुशास्त्र किंवा सिव्हिलवाल्यांकडे असते, एक पेढ्याचा पुडा नेला की काम होतं. मापाची भांडी मात्र भट्टीत घालू नका, माप बिघडतं. पावडरचे हातमोजे नकोत, नायट्राइल घ्या, आणि मोजे घालून मोबाइलला हात लावू नका (लावता, मला माहीत आहे). कॅनमध्ये आठवडाभर पडलेलं डिस्टिल्ड पाणी म्हणजे जंतूंची वसाहत. हायड्रोक्लोरिक आम्लाचाही वेगळा ब्लँक लागतो.

डावं-उजवं प्रमाण काढून बघा असं इथे कोणीतरी सुचवलंय. जरूर काढा, पण अर्धं-अर्धं आलं म्हणून नाचू नका. इतकं तापवल्यावर जंतूंचं डावं आम्लही बऱ्यापैकी मिसळून जातं. उलट जवळपास सगळं डावंच आलं तर प्रश्न मिटला, ते बोटाचं किंवा मातीतल्या जंतूंचं.

फॉर्मामाइड फ्यूम हूडमध्येच तापवताय ना? तापल्यावर त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतं, आणि फॉर्मामाइड स्वतः गर्भालाही घातक आहे. प्रयोगशाळेत कोणी गरोदर असेल तर तिला आधी सांगा. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

पुढे याच विषयात पीएच.डी. करायची असेल तर पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. सुधा राजमणी यांचा गट जीवनाच्या रासायनिक उगमावरच काम करतो. त्यांचे पेपर वाचा आणि प्रत्येक पेपरात कंट्रोल (ब्लँकसारखे तुलनेचे प्रयोग) कुठले आहेत तेवढंच आधी बघा. ‘हा विषय ना रसायनात बसतो ना जीवशास्त्रात’ हे तुमच्या विभागात ऐकावं लागेलच, त्याचं औषध माझ्याकडे नाही.

आणि हो, लोणार अभयारण्य आहे, २०२०पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). माती उचलायला वनविभागाची परवानगी घेतली होती का? नसेल तर आधी तो अर्ज करा, चांगलं जर्नल विचारू शकतं. तोवर तीन ब्लँक चालवा आणि क्रोमॅटोग्राम इथे टाका. नुसता तक्ता नको, पूर्ण आलेख टाका, मी बघते.