भाचा न्यू जर्सीत आहे. क्लायंट कुठे आहे?

प्रश्न : मुलगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, वेबसाइट उत्तम करतो. कॉलेज सांभाळून परदेशातली दोन कामं मिळवली. दुसऱ्या क्लायंटने मात्र शेवटचे ६० हजार बुडवले. मी नुकताच निवृत्त झालो. ग्रॅच्युइटीतले १२ लाख घालून त्याला कंपनी काढून द्यायची, गाळा भाड्याने घेऊन चार डेव्हलपर ठेवायचे, असं मी ठरवलं आहे. माझा भाचा एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत मोठ्या कंपनीत आहे. तो तिथून कामं पाठवेल, त्याला ३० टक्के देऊ. मुलगा मात्र 'आधी नोकरी करतो, नाहीतर एमसीए करतो' म्हणतो. बोलायला बुजरा आहे. क्लायंटचा व्हिडिओ कॉल असला की मी शेजारी बसतो, नाहीतर किंमत सांगताना कचरतो. त्याला चार शब्द सुनवा, तुमचं ऐकेल.
– एक वडील, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. 'मी शेजारी बसतो' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. आधी त्याबद्दलच बोलतो, कंपनीचं नंतर.

कॅमेऱ्याच्या कडेला बसून तुम्ही काय करता हे लिहिलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो. आकडा कागदावर लिहून पुढे सरकवत असाल. तो अडखळला की हाताने खूण करत असाल. क्लायंटने 'आणखी दोन पानं यातच बसतील ना?' विचारलं की तुम्ही मान हलवता आणि तो 'येस' म्हणतो. पलीकडच्या माणसाला तुम्ही दिसत नसाल, पण मुलाचे डोळे सारखे एका बाजूला वळताना दिसतात, कुजबुज ऐकू येते, आणि ती भाषा त्याला कळत नाही. त्याच्या जागी तुम्ही असतात तर अशा मुलाच्या हाती आपल्या धंद्याची वेबसाइट दिली असतीत का? शिवाय बरेच परदेशी क्लायंट काम देण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. सही मुलाची असते. कॅमेऱ्याआडचा तिसरा माणूस त्या करारात बसत नाही, मग तो वडील का असेना.

किंमत सांगताना तो कचरतो, हे खरं असेल. त्या वयात सगळेच कचरतात. तो कमी आकडा सांगेल, त्या कामात पस्तावेल आणि पुढच्या वेळी नीट सांगेल. तुम्ही शेजारी असलात की हे काहीच घडत नाही. आकडा तुमचा, होकार तुमचा, आणि तो निभावायला रात्री दोन वाजता जागा तो. त्याच्या दुसऱ्या कामात पैसे नेमके कशामुळे बुडाले, याची तुमच्या पत्रात एक ओळही नाही. 'फसवलं' एवढं म्हणून विषय सोडू नका. काम मुळात किती पानांचं ठरलं होतं, शेवटी किती झालं, आणि मधल्या वाढीव पानांना 'हो' कोण म्हणालं, हे त्याला शांतपणे विचारा. उत्तर ऐकायला अवघड जाईल कदाचित.

आणि चार शब्द सुनवायचं काम माझ्याकडून होणार नाही. 'आधी नोकरी करतो' यात मला भित्रेपणा दिसत नाही. या सगळ्या बेतात तेवढं एकच वाक्य विचार करून बोललेलं आहे.

आता भाच्याचं. 'आपलं माणूस तिकडे आहे, म्हणजे काम येणारच' हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, अशी पत्रं माझ्याकडे नेहमी येतात. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला ज्या कंपनीने तो व्हिसा काढून दिला, तिच्याचसाठी काम करता येतं. फावल्या वेळात क्लायंट शोधणं, त्यांच्याशी बोलणी करणं आणि त्यावर ३० टक्के घेणं हे तिथे कामच धरलं जाऊ शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय त्याने यात पडू नये. स्वतःच्याच कंपनीतलं काम मामाच्या कंपनीकडे वळवायचा विचार असेल तर गोष्ट आणखी बिकट, कारण नोकरीत त्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात आणि तेवढ्यावर नोकरी जाऊ शकते. अशा व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, नाहीतर गाशा गुंडाळावा लागतो. तुमच्या मुलाला दोन वेबसाइट मिळाव्यात म्हणून हे संकट त्याच्यावर ओढवायचं? आणि समजा व्हिसाची अडचण नसती, तरी मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरच्या हाती कामं वाटायचा अधिकार नसतो. तिथे पुरवठादार निवडणारं खातं वेगळं, आणि त्या खात्याच्या दारात उभं राहायला वर्षानुवर्षांचे ताळेबंद आणि माहिती-सुरक्षेची प्रमाणपत्रं लागतात. नाशिकच्या गाळ्यातली चार मुलं त्या रांगेत कुठेच नाहीत. भाचा बहुधा दिवाळीच्या फोनवर 'बघू मामा, पाठवतो काहीतरी' म्हणाला असेल. त्यावर तुम्ही गाळा बघितलात.

पैशांचा हिशेब तुम्ही मांडला नाही, मी मांडतो. डिपॉझिट, टेबलं, चार लॅपटॉप यांत तीन लाख गेले असं धरू. चार डेव्हलपर प्रत्येकी २५ हजारांनी, म्हणजे महिन्याला एक लाख. भाडं, वीज, इंटरनेट आणि किरकोळ खर्च मिळून आणखी ३० हजार. उरलेले नऊ लाख सात महिनेही पुरत नाहीत. त्यात परदेशी क्लायंट काम झाल्यावर बिल घेतो आणि पुष्कळदा ३० दिवसांनी पैसे पाठवतो. आज नवं काम मिळालं तरी पहिली रक्कम हातात यायला दोन-तीन महिने सहज जातात. पगार मात्र एक तारखेलाच द्यायचा असतो. मग तोटा भरून काढायला मुलगा मिळेल ते काम मिळेल त्या दरात उचलेल आणि घाईत बिघडवेल. कामं आधी आणि माणसं नंतर, हा क्रम उलटा फिरवून चालत नाही.

मग हा धंदा होतच नाही का? होतो की, पुण्यात, कोल्हापुरात, तुमच्या नाशिकमध्येही लोक करतात. पण त्यांचे क्लायंट तुमच्या डोक्यात आहेत ते नाहीत. तिकडे पाच-दहा माणसांच्या छोट्या डिझाइन एजन्सी असतात. दंतवैद्याचा दवाखाना, सुताराचं दुकान, वकिलाचं ऑफिस असली गिऱ्हाइकं त्या आणतात, डिझाइन स्वतः करतात, आणि बांधणीसाठी पूर्णवेळ डेव्हलपर ठेवणं त्यांना परवडत नाही. ते काम त्या बाहेर देतात. याला व्हाइट लेबल म्हणतात. वेबसाइटवर नाव एजन्सीचं, शेवटच्या गिऱ्हाइकाला तुमचा मुलगा ठाऊकही नसतो. यात मिरवायला मिळत नाही. साइट आपल्या कामांत दाखवायची परवानगीसुद्धा आधी मागून घ्यावी लागते. पण अशी एक एजन्सी टिकली तर दर महिन्याला काम देते आणि गिऱ्हाईक शोधायची वणवण संपते. भागीदारी म्हणतात ती ही. तिच्यासाठी ना गाळा लागतो, ना व्हिजिटिंग कार्ड.

अशी एजन्सी दरावर येते हे खरं, दरावर टिकत मात्र नाही, कारण आपल्यापेक्षा स्वस्त कोणीतरी असतोच, आणि साधं होमपेज तर आता एआय घटकाभरात उभं करतं. ती टिकते बोलण्यावर. इंग्रजी उच्चारांशी याचा फारसा संबंध नाही. एजन्सीवाला विचारतो, 'शुक्रवारपर्यंत होईल?' आपला मुलगा लिहितो, 'येस, शुअर.' शुक्रवार उजाडतो, पैसे भरायचं पान झालेलं नसतं, मुलगा लाजेने फोन बंद ठेवतो आणि सोमवारी आजारपणाचं कारण देतो. तोच मुलगा असं लिहू शकला असता : 'तुमच्या शुक्रवारच्या सकाळपर्यंत होमपेज आणि संपर्काचा फॉर्म चाचणीच्या साइटवर (स्टेजिंग) असेल. पैसे भरायचं पान तोवर होणार नाही, कारण पेमेंट खात्याच्या चाचणीच्या किल्ल्या (टेस्ट की) अजून आलेल्या नाहीत. त्या मिळाल्या की पुढे दोन दिवस.' यात 'नाही' आहे, कारण आहे, आणि कोणाचा शुक्रवार हेही आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे शनिवारचे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. एवढ्यावरूनही भांडणं होतात. असा निरोप आपल्याकडे उद्धट वाटतो, तिकडे तो वाचून माणूस निर्धास्त झोपतो. बुजरी मुलं हे लिखाण बोलघेवड्यांपेक्षा चांगलं करतात, असा माझा अनुभव आहे. तुमच्या मुलाच्या बुजरेपणाची मला तरी काळजी वाटत नाही.

ही सवय कुठे लागेल? अशीच परदेशी कामं करणाऱ्या छोट्या वेब कंपनीत, १५-२० माणसांच्या. तिथे अंदाजपत्रक कसं बांधतात, क्लायंट चिडला की त्याला काय लिहितात, तयार साइट हवाली कशी करतात, हे सगळं एकाच खोलीत कानावर पडतं. मोठ्या आयटी कंपनीत पगार आणि नाव दोन्ही मिळेल, पण पहिली काही वर्षं क्लायंटचं तोंडही दिसणार नाही. या एका हेतूसाठी मी छोटी कंपनी सुचवीन. एमसीएच करायचं असेल तर प्रवेश परीक्षा दोन : राज्याची एमसीए सीईटी, आणि एनआयटींसाठी निमसेट. सी-डॅकचे अभ्यासक्रम एमसीए नव्हेत, पदव्युत्तर पदविका आहेत, त्यांच्यासाठी सी-कॅट. परदेशी एजन्सी पदवी विचारत नाही, मात्र पुढे नोकरी बदलताना किंवा परदेशात जाताना ती कामी येते. तो म्हणेल ते करू द्या.

इथून पुढचं मुलासाठी आहे. त्याला वाचायला द्या, वाचून दाखवू नका.

त्या ६० हजारांसाठी एक शेवटचं, शांत पत्र लिही. ठरलेलं काम, वाढीव काम, हवाली केल्याच्या तारखा, बाकी रक्कम, आणि १५ दिवसांची मुदत. आले तर आले. रागाच्या भरात त्याच्या साइटमध्ये शिरून ती बंद पाडू नकोस. लॉगिन तुझ्याकडे असलं तरी तो गुन्हा ठरू शकतो. यापुढे काम टप्प्यांत तोड, थोडी रक्कम आगाऊ घे आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे आल्याशिवाय पुढच्याला हात लावू नकोस. अपवर्कसारख्या, सुटी कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांवर ठराविक किमतीच्या कामात टप्प्याची रक्कम आधीच अडकवून ठेवतात. क्लायंट 'कमिशन वाचवू, बाहेर बोलू' म्हणाला की ते संरक्षण जातं आणि नियमही मोडतो.

करारात हक्कांची ओळ नीट लिही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्कांचं हस्तांतर लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी क्लायंटला हे अर्थातच चालत नाही, त्याला कायमचे आणि जगभरचे हक्क हवे असतात. ते जरूर दे, पण 'पूर्ण रक्कम जमा झाल्यानंतर' एवढे शब्द त्या वाक्यात घाल. मागच्या वेळी हे शब्द असते तर तुझ्या हातात बोलायला काहीतरी राहिलं असतं.

पैसे बँकेतून रीतसर घे. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले हे सांगणारा संकेतांक, विचारेल. सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीसाठी पी०८०२ वापरतात. प्रत्येक रकमेची परकीय चलन आल्याची पावती मागून घे, ती जपून ठेव. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी. मग दर आर्थिक वर्षी लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे हमीपत्र, भरलं की निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं. अमेरिकन एजन्सीने डब्ल्यू-एट-बेन फॉर्म पाठवला तर दचकू नकोस. तू अमेरिकेचा रहिवासी करदाता नाहीस, एवढंच त्यात लिहून द्यायचं असतं. एखादा सीए गाठ, वर्षाला थोडे हजार घेईल.

आणि नोकरी लागली की नेमणुकीच्या पत्रातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम आधी वाच. मनाई असेल तर स्वतःची कामं थांबव, किंवा लेखी परवानगी घे. मालकाचे क्लायंट चोरून वळवणारी मुलं मी पाहिली आहेत. हा धंदा बाहेरून मोठा दिसतो, प्रत्यक्षात सगळे एकमेकांना ओळखतात.

तुम्हाला एवढंच : १२ लाख मुदत ठेवीत ठेवा. भाच्याला फोन करून सांगा की तो या बेतातून मोकळा आहे. त्यालाही सुटल्यासारखं वाटेल. गाळ्याचं टोकन दिलं असेल तर परत मागून बघा. नाही मिळालं तर सोडून द्या, अकरा महिन्यांच्या भाड्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.